निर्यात केली, विकली की पुरवली?

एका वाचकाने विचारलं आहे : ‘भारताने फिलिपिन्सला ब्रह्मोस क्षेपणास्त्रे निर्यात केली’ असं बातम्यांत असतं, सरळ ‘विकली’ का म्हणत नाहीत? आणि शस्त्र नि अस्त्र यांत फरक काय?

दुसरा प्रश्न आधी घेतो. शस्त्र हे ‘शस्’ म्हणजे मारणे, कापणे या धातूपासून आलं. अस्त्र ‘अस्’ म्हणजे फेकणे यापासून. तलवार, गदा ही शस्त्रं, हातातच राहणारी. बाण हे अस्त्र, सुटून जाणारं, म्हणून क्षेपणास्त्र. अश्वत्थाम्याला ब्रह्मास्त्र सोडता आलं, मागे घेता आलं नाही, आणि ते उत्तरेच्या गर्भावर गेलं. तलवार म्यानात परत जाते, अस्त्राचं तसं नाही.

परदेशाला विकलेलं कुठलंही हत्यार मला म्हणूनच अस्त्राच्या जातीचं वाटतं. फ्रान्सने अर्जेंटिनाला एक्झोसेट क्षेपणास्त्रं विकली. ४ मे १९८२ रोजी फॉकलंडच्या युद्धात त्यांतलंच एक ‘शेफील्ड’ या ब्रिटिश युद्धनौकेवर आदळलं, आणि ब्रिटन तर फ्रान्सचा मित्र! अमेरिकेने शहाच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या, इराणला विकलेली एफ-१४ लढाऊ विमानं १९७९च्या क्रांतीनंतर खोमेनींच्या राजवटीकडे गेली. सुट्या भागांसाठी मात्र इराण अडून राहिला. विकणाऱ्याचा मोठा फायदा तोच : पैसा तर मिळतोच, कारखाना चालू राहतो, दर नगाचा खर्च उतरतो, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे गिऱ्हाईक पुढची कित्येक वर्षं दुरुस्तीसाठी आपल्याच दारी येतं.

आता क्रियापदं. ‘निर्यात’ हा हिशेबाच्या वहीतला शब्द. २०२४-२५ मध्ये भारताची संरक्षण निर्यात २३,६२२ कोटी रुपयांची झाली, या वाक्यात तो चपखल आहे, कारण त्या आकड्यात सुटे भाग आणि गोळीरोधक जाकिटंही येतात. ‘पुरवली’मध्ये किंमत घेतलीच पाहिजे असं नाही. १९८६पासून अमेरिकेने अफगाण मुजाहिदीनांना स्टिंगर क्षेपणास्त्रं दिली, तो पुरवठा; ती विक्री नव्हती. पण बातम्यांत मला वारंवार दिसतं ते असं : भारत ‘निर्यात करतो’, अमेरिका ‘विकते’, चीन पाकिस्तानला ‘पुरवतो’. व्यवहार एकच असताना क्रियापद देश पाहून बदलावं, हे मला मनापासून खटकतं.

‘विकणे’ म्हटलं की विकणारा समोर उभा राहतो. १६६०मध्ये पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा होता. राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन उखळी तोफा आणि गोळे घेऊन, इंग्रजांचं निशाण लावून तिथे गेला आणि गडावर मारा केला. टोपीकरांच्या लेखी तो व्यापारातलाच एक डाव असेल; गडावर अडकलेल्या शिवाजी महाराजांनी मात्र ती लढाईतली भागीदारी मानली. पुढच्याच वर्षी राजापूरची वखार लुटली गेली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रज कैदेत पडले, त्यांतले काही १६६३पर्यंत.

फिलिपिन्सशी करार झाला जानेवारी २०२२मध्ये, सुमारे ३७.५ कोटी डॉलरचा. पहिली खेप एप्रिल २०२४मध्ये पोचली. किंमत ठरली, माल गेला. तेव्हा मी लिहीन : ‘भारताने फिलिपिन्सला ब्रह्मोस क्षेपणास्त्रे विकली.’