मोजणीत सुटलेली माणसं

प्रश्न : माझी मुलगी कॅनडात सास्काटूनला असते. नातवाच्या शाळेतल्या कार्यक्रमाला गेले, तर सुरुवातीलाच सांगितलं, आपण 'सहाव्या कराराच्या' भूमीवर आहोत. जावई म्हणाले, इथले मूळचे लोक अजून जमीन मागतात. दीडशे वर्षांपूर्वी करारानं दिलेली जमीन परत कशी मागता येईल? उद्या मुलीच्या घरावर कुणी हक्क सांगितला तर?
— एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, माझी सगळी नोकरी भूकरमापक म्हणून गेली, त्यामुळे मला यात पहिल्यांदा मोजणीच दिसते. त्या भागातला मोठा दावा दिलेली जमीन परत मिळावी असा नाही. कबूल केलेली जमीन पदरात पडलीच नाही, असा आहे.

हा सहावा करार १८७६ सालचा, फोर्ट कार्लटन आणि फोर्ट पिट इथे झालेला. ब्रिटनच्या राणीच्या वतीनं अलेक्झांडर मॉरिस, समोर क्री आणि इतर मूळच्या लोकांचे प्रमुख. रानगवे संपत आले होते, उपासमार दारात होती. करारात लिहिलं गेलं, पाच माणसांच्या कुटुंबामागे त्यांच्यासाठी १ चौरस मैल राखीव जमीन. म्हणजे ६४० एकर, माणशी १२८. शिवाय शेतीची अवजारं, औषधांची पेटी आणि वर्षाला माणशी ५ डॉलर. ते ५ डॉलर आजही मिळतात. पाचच!

बाकी सगळ्या मुलखावरचा हक्क सोडला, असं इंग्रजी मजकूर म्हणतो. तिथले जाणते मात्र पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत की आम्ही नांगराच्या फाळाइतकी माती वापरायला दिली, खालची नाही. दस्त एकानं लिहायचा आणि अंगठा दुसऱ्यानं उठवायचा, तिथे काय होतं हे मी गावोगाव पाहिलंय.

आता मोजणी. आपली साखळी ३३ फुटांची, तिकडची ६६ फुटांची. पण साखळीनं कुणाचं नुकसान केलं नाही, ते डोकी मोजताना झालं. कुणी शिकारीला गेलेलं, कुणी नंतर येऊन मिळालेलं. अशी माणसं अनेक ठिकाणी धरलीच नाहीत. समजा, १०० माणसांपैकी २० सुटली, तर तिथल्या तिथे २,५६० एकर कमी.

१९३० मध्ये केंद्रानं सरकारी जमिनी प्रांतांकडे सोपवल्या, तेव्हा ही तूट भरायला प्रांतांनी जमीन द्यावी असं लिहून घेतलं. तरीही सास्कॅचवानमध्ये, म्हणजे सास्काटून ज्या प्रांतात आहे तिथे, सर्वसमावेशक तोडगा निघायला १९९२ उजाडलं. त्यातला हिशेब मला फार आवडला. मूळ मोजणीत २० टक्के माणसं सुटली असतील, तर तोडग्याच्या वेळच्या लोकसंख्येच्या २० टक्के धरायचे आणि त्याला १२८ नं गुणायचं. तोडग्याच्या वेळी १,००० माणसं असतील तर २५,६०० एकर. सुटलेल्यांची नातवंडं-पतवंडं धरून वारसनोंद केल्यासारखंच हे.

पण जमीन सरकारनं कुणाकडून काढून घेतली नाही. पैसे दिले, आणि त्यातून राजीखुशीनं विकणाऱ्याकडूनच खरेदी करायची, मग ती राखीव म्हणून जोडून घ्यायची. तेव्हा मुलीनं घर विकायला काढलं नाही, तर या तोडग्याखाली ते कुणी घेऊ शकत नाही. जावईबापूंना एवढं सांगा.