स्लॅब टाकताय, पण जागा कुणाची?

पत्र पुण्याहून आलंय. टाइप बारावीतल्या मुलीने केलंय, बोल आईचे आहेत. वय ३९. चौदा वर्षांपूर्वी जालना जिल्ह्यातून आल्या. चार घरी धुणं-भांडी-फरशी, त्यातल्या एका घरी पोळ्याही. मिळून महिन्याला १३,५००. यजमान बिगारी कामावर, मिळेल तसं. भिशी लागली आणि हातात ६०,००० आले. विचारतात, ‘गावच्या घराचा स्लॅब टाकू, की पोरीसाठी सोनं करून ठेवू?’

ताई, पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, ‘जागा धाकट्या दिरांच्या नावावर आहे, पण ते काही परके नाहीत.’ मी तिथेच अडकलो.

गावच्या या घरासाठी नऊ वर्षं, वर्षाला चाळीसेक हजार. म्हणजे साडेतीन लाखांच्या वर पैसे तुम्ही दुसऱ्याच्या जागेत विटा करून रचलेत. दीर चांगले असतील, मी कशाला नाही म्हणू? पण उद्या त्यांनी त्या जागेवर कर्ज काढलं, किंवा त्यांच्या मागे मुलांनी वाटणी मागितली, तर तुमच्या सिमेंटच्या गोण्या कोण मोजणार? दुकानदाराच्या पावत्याही त्यांच्याच नावाच्या असतील.

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा ग्रामपंचायतीतून घराचा नमुना ८ चा उतारा काढा. तो घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा पक्का पुरावा नाही, पण नाव कुणाचं लागलंय ते कळेल. मग दिरांना एकच विचारा : जागा वडिलोपार्जित, की त्यांनी स्वतः घेतलेली? वडिलोपार्जित असेल तर यजमानांचा हिस्सा आहे, रीतसर वाटणीपत्र करून घ्या. दिरांनी घेतलेली असेल तर खरेदीखत किंवा बक्षीसपत्र लागेल, तेही दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं. स्टँपपेपरवर लिहून नोटरीचा शिक्का मारला की झालं, असं सांगणारा कुणीतरी भेटेलच. त्याने जागा तुमची होत नाही. आणि कागद होईल तेव्हा यजमानांबरोबर तुमचंही नाव घाला. पैसे तुमच्या हातांचे आहेत.

तोवर स्लॅब नाही. दोन्हींतलं एकच निवडायचं म्हणालात तर मी सोनं म्हणेन, आणि मी सोन्याचा भक्त नाही. ते निदान तुमच्या अंगावर राहतं.

पण सोन्याआधी खाडे. फेब्रुवारीत डेंग्यूने बारा दिवस घरी होतात, तीन घरांनी पैसे कापले, चौथीकडून ८,००० उचल घेतलीत आणि ती अजून फिटतेय. आजारपणाची पगारी सुटी मागायला तुमच्या हातात कायदा नाही, सगळं बाईंच्या मर्जीवर. तेव्हा सुटी तुम्हीच विकत घेऊन ठेवायची. उचल आधी फेडा, दोन पगारांएवढे २७,००० तुमच्या एकटीच्या खात्यात टाका. गुडघ्याचं दुखणं लिहिलंय ना, त्याचा एक्स-रेही त्यातूनच काढा. दोन घरचे पगार यजमानांच्या फोनवर जातात, तेही याच खात्याकडे वळवा.

आता ती पॉलिसी. एका मॅडमच्या भाच्याने ‘पैसे दुप्पट’ म्हणून गळ्यात मारलेली. महिना १,५००, पंधरा वर्षं, भरणार २.७ लाख, कागदावर मिळणार ३.६ लाख. ही कसली दुप्पट? व्याज पडतं पावणेचार टक्के. एक वर्ष भरलंय, १८,००० गेले. त्यातले काही परत मिळतात का ते कंपनीत लेखी विचारा, नाही मिळाले तरी बंद करा. उरलेली चौदा वर्षं हेच १,५०० पोस्टाच्या आरडीत आजच्या ६.७ टक्क्यांनी टाकत राहिलात तर चार लाखांच्या वर जातात. विमा हवाच, तर बँकेत दोन सरकारी विमे मिळतात, त्यांतल्या पंतप्रधान जीवनज्योतीचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये वर्षाला भरा. प्रत्येकी दोन लाखांचं कवच आहे, सुरक्षा विमा मात्र फक्त अपघाताचा. भाच्याच्या पॉलिसीत मृत्यूनंतरचं कवच १.८ लाखांचं होतं. भाच्याला माझा नमस्कार सांगा.

एक गोष्ट मात्र तातडीची. श्रमयोगी मानधन या सरकारी पेन्शन योजनेत चाळिशीपर्यंतच नाव घालता येतं, आणि उत्पन्न महिना १५,००० च्या आत लागतं, तुमचं आहे. तुमच्या वयाला महिना दोनशेच्या आसपास भरायचे, तेवढेच सरकार घालतं, साठीनंतर महिना ३,००० पेन्शन. वीस वर्षांनी महागाईमुळे त्या तीन हजारांना आजच्या हजाराच्या आसपासच किंमत असेल, म्हणून त्यावर म्हातारपण काढायची स्वप्नं नकोत. तरी दोनशेत यापेक्षा बरं काही मिळत नाही. आधार आणि स्वतःचं पासबुक घेऊन सीएससी केंद्रात, म्हणजे सरकारी योजनांचे ऑनलाइन अर्ज भरून देतात त्या केंद्रात जा. ई-श्रमची (असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी) आणि घरेलू कामगार मंडळाची नोंद राहिली असेल तर तीही उरकून टाका.

भिंती पावसात भिजतील म्हणून जीव तुटतोय, ते कळतं. वर पत्रे टाका. पत्रे काढून आणता येतात.