मुखपृष्ठावरून अध्यक्षांचं मनोगत आधी काढ

सामाजिक संस्थेची वेबसाइट करायला घेतली आहेस ना? मग सुरुवात इथून कर. अध्यक्ष रागावतील? हो, रागावतील. रागावू देत. साइटवर येणारा माणूस तीनच गोष्टी शोधतो: तुम्ही करता काय, मला मदत मिळेल का आणि मी हातभार कसा लावू? ही उत्तरं मोबाइलच्या पहिल्याच स्क्रीनवर दिसायला हवीत.

खरा वेळ दे तो देणगीच्या फॉर्मला. आमच्या पहिल्या फॉर्मात चौदा रकाने होते, जन्मतारीखसुद्धा! एका आजींनी तो माझ्यासमोर भरायला घेतला. रकान्यातली फिकट सूचना टाइप करताच गायब झाली आणि त्या थबकल्या, "इथे काय लिहायचं होतं गं?" तेव्हापासून रकान्याचं नाव मी वर, बाहेरच लिहिते. शिवाय चूक झाली तर नेमकी कुठे झाली ते सांग. भरलेलं सगळं पुसू नकोस.

पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं डिझायनरला आवडतात, वाचणाऱ्याला नाही. डब्ल्यूसीएजीच्या, म्हणजे वेबसाइट अपंगांसह सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांच्या, एए पातळीला साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, लागतो. फोटोच्या ऑल्ट मजकुरात, म्हणजे फोटो न दिसणाऱ्याला वाचून दाखवल्या जाणाऱ्या वर्णनात, 'फोटो १' नको, 'मुली झाडाखाली वाचताहेत' असं लिही. एकामागून एक सरकणाऱ्या फोटोंचा स्लायडर? नकोच.

आणि फोन नंबर चित्रात टाकू नकोस. बोट लावलं की फोन लागला पाहिजे.