बाबा तीन एकर विकून मला एमबीबीएसला घालतायत, मी हो म्हणू का?

"मावशी, मी जालना जिल्ह्यातली. नीटचा दुसरा अटेम्प्ट झाला, मार्क वाढले पण सरकारी सीट मिळेल असं वाटत नाही. ओळखीचे एक एजंट म्हणतात खासगी कॉलेजात इन्स्टिट्यूट कोट्यातून, म्हणजे कॉलेजच्या स्वतःच्या वाट्याच्या सीटांतून, करून देतो, सगळं मिळून एक कोटी, त्यातले १५ लाख आधी कॅश. रोडला लागून पाच एकर आहे, बाबा त्यातली तीन विकायला निघालेत, ६० लाख येतील, बाकी ४० लोन. भाऊ दहावीत आहे. आम्ही ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आतच. मला डॉक्टर व्हायचंय पण रात्र रात्र झोप येत नाही."

बाळा, तुझं पत्र दोनदा वाचलं. झोप येत नाही यात तुझं काही चुकत नाहीये, घरात एवढा मोठा व्यवहार चाललाय आणि तो आपल्या नावावर चाललाय हे कळणाऱ्या पोरीला झोप कशी येईल.

आधी त्या १५ लाखांचं. ते द्यायचेच नाहीत. फीच्या वर असे पैसे घेण्यावर महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे, आणि नीटच्या मेरिटशिवाय खासगी कॉलेजलाही कुणाला सीट देता येत नाही, मग हा माणूस नेमकं काय "करून देणार" आहे? पावती नाही म्हणजे उद्या सीट नाही मिळाली तर बाबा कुणाच्या दारात जाणार?

आता खरी गोष्ट, जी तुझ्या पत्रात कुठेच नाहीये म्हणून मला वाटतं तुम्हाला कुणी सांगितलीच नाही. २०२४-२५ पासून आपल्या राज्यात ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, मेडिकललासुद्धा आणि खासगी कॉलेजलासुद्धा, फक्त अॅडमिशन कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेली पाहिजे. इन्स्टिट्यूट कोट्याला नाही, अभिमत विद्यापीठाला नाही. म्हणजे बघ, तेच कॉलेज, तेच वर्ग, तेच सर, कॅपमधून गेलीस तर हॉस्टेल-मेसचा खर्च आणि कॉलेजचं वरचं जे काही असेल ते, आणि एजंटच्या हाताने गेलीस तर एक कोटी! म्हणून नॉन क्रीमीलेयर, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल आणि मुख्य म्हणजे जातीची व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं प्रमाणपत्र), हे सगळं हातात आहे का ते आजच बघ, व्हॅलिडिटीपायी चांगल्या चांगल्या पोरींच्या सीटा गेलेल्या मी पाहिल्यात. आणि प्रेफरन्स भरताना जवळचीच दोन-चार कॉलेजं टाकू नकोस, अख्खा महाराष्ट्र भर. २०२४ ला जालना, हिंगोली, बुलढाणा, वाशीम धरून दहा ठिकाणी नवी सरकारी कॉलेजं सुरू झालीत, त्यामुळे जुन्या कटऑफवरून आधीच हात टेकू नकोस.

आणि समजा कॅपमधून नाहीच लागलं, तर? तरीही मी शेत विकू नका असंच म्हणेन. वही घेऊन बाबांसोबत बस. ४० लाखांचं लोन दरवर्षी आठ-आठ लाख करत उचललं, १० टक्के व्याज धरलं, तर साडेपाच वर्षांचं एमबीबीएस आणि त्यापुढचं एक वर्ष संपेपर्यंत त्याचे साधारण ५८ लाख झालेले असतात. पुढे पंधरा वर्षं महिन्याला ६२ हजारांच्या आसपास हप्ता. एवढ्या लोनला बँक तारण मागणारच, मग उरलेली दोन एकर की राहतं घर? आणि नुसत्या एमबीबीएसवर आता भागत नाही गं, पीजी लागतंच, म्हणजे तयारीचं एखादं वर्ष आणि वर तीन वर्षं, तू तिशीला टेकलेली असशील आणि हप्ता मात्र पंचविशी-सव्विशीलाच सुरू झालेला.

हे मी घरातलं पाहिलंय. माझ्या दिरांनी प्लॉट विकून मुलाला असंच घातलं. पोरगं हुशार, पास झालं, डॉक्टर झालं, पण वर्षभर घरी बसून पीजीचा अभ्यास करणं त्याला परवडेना कारण हप्ता थांबत नाही. आज तो एका हॉस्पिटलात आरएमओ म्हणजे निवासी डॉक्टर म्हणून नाईट ड्युट्या करतो, दिवसा झोपतो, पुस्तकं तशीच बांधून ठेवलेली. बाप त्याला एका शब्दाने बोलत नाही, पण त्या प्लॉटवरून गाडी जाते तेव्हा दोघं दुसरीकडे बघतात. पैसे गेले त्यापेक्षा मला हे जास्त लागतं.

मग दुसरे रस्ते. मार्क वाढतायत म्हणतेस तर अजून एक अटेम्प्ट दे, पण किती वाढले आणि कुठल्या विषयात अडकतेस हे तुझ्या सरांकडून खरं खरं विचारून घे, नुसत्या जिद्दीवर तिसरं वर्ष घालवू नकोस. बीएएमएस मिळत असेल आणि आयुर्वेद मनापासून शिकणार असशील तर जरूर घे. पुढे अॅलोपॅथीच करायची असं मनात ठेवून घेणार असशील तर नको. फिजिओथेरपी, बीएस्सी नर्सिंग यांना कमी लेखू नकोस, हाताला काम लवकर मिळतं.

बाबांना "मला नको" म्हणू नकोस, त्यांना लागेल. ते तुझ्यावरच्या मायेने विकायला निघालेत. "मला डॉक्टर व्हायचंय, पण भावाची दहावी आहे, आणि कॅपचे सगळे राऊंड संपेपर्यंत थांबू" एवढंच म्हण. आईला आधी सांगून ठेव, ती बोलली की ते ऐकतील. पहिल्या राऊंडची लिस्ट लागली की मला कळव, आणि तोपर्यंत सातबारा कपाटातच राहू दे.

तुझी मावशी