ठाण्यात एकट्याने एक दिवस: जुनं काय बघावं आणि मासे कुठले खावेत?

तुम्ही लिहिलंय की नागपूरहून कामानिमित्त येताय, रविवार मोकळा आहे, सोबत कोणी नाही. तर ठाण्यातच काही जुनं बघून चांगले मासे खाता येतील का, की सरळ मुंबईची लोकल पकडावी? मी ठाणेकर आहे आणि माझं स्पष्ट मत आहे: लोकल पकडू नका. जुनं ठाणं पायी फिरण्याइतकं आटोपशीर आहे, आणि इथे जे काही घडलं ते खाडीमुळे घडलं. मासेही इथेच खा.

ठाणे स्टेशनवर उतराल तेव्हा एवढं लक्षात असू द्या की १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी इथेच येऊन थांबली होती. तिथून चालत तलावपाळीला या. मासुंदा तलावाजवळ कोपिनेश्वराचं देऊळ आहे. ठाणं म्हणजे शिलाहारांचं श्रीस्थानक, उत्तर कोकणची राजधानी. देवळाचं मूळ त्या काळातलं मानतात. आजची वास्तू मात्र नंतरची आहे. गाभाऱ्यातली पिंड एवढी मोठी आहे की पहिल्यांदा बघणारा क्षणभर थबकतोच. सकाळी लवकर गेलात तर निवांत दर्शन होईल.

पुढे टेंभी नाक्याकडे बेने इस्रायलींचं, म्हणजे इथल्या ज्यूंचं, १८७९ सालचं सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) आहे. कोकणच्या किनाऱ्यावर तेलघाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले गेलेले हे लोक. घरात मराठी बोलणारे. आत जायचं असेल तर दारावर आधी विचारा.

आता किल्ला. तो आतून बघता येत नाही, कारण तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. तरीही बाहेरून तट बघायला जाच. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला आणि १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खून प्रकरणात पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथेच कैदेत होते, आणि १८१६ मध्ये ते निसटले. तटाबाहेर एक मोतद्दार घोड्याला खरारा करताना गाणी म्हणायचा आणि त्या गाण्यांतून पळून जाण्याचा बेत आत पोचवायचा, अशी कथा सांगतात. याच तुरुंगात १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या वधासाठी फाशी दिलं गेलं. मला त्या भिंतीजवळून नुसतं पुढे निघून जाववत नाही.

जेवायला एकच्या आधी पोचा. रविवारी मालवणी आणि आगरी-कोळी खानावळींत नंतर रांग लागते. एकट्या माणसाला तेवढ्यात जागा मिळूनही जाते. बसल्यावर पापलेट थाळी मागू नका, ती कुठेही मिळते. “आज ताजं काय आलंय?” असं विचारा. बोंबील असतील तर तेच घ्या. ताजा बोंबील पाणीदार असतो, म्हणून मधून चिरून वजनाखाली दाबतात, पाणी निथळलं की मसाला लावून तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवून तव्यावर टाकतात. कडा कुरकुरीत आणि आत लोण्यासारखा मऊ लागला की समजा जमलाय. मांदेली मिळाली तर तीही कुरकुरीत तळलेली मागा. चिंबोरीचं (खेकड्याचं) कालवण असेल तर तांदळाच्या भाकरीबरोबर खा. नांग्या फोडत बसायला वेळ लागतो, आणि समोर कोणी ताटकळत नसलं की चिंबोरी खरी खाता येते. अवसेच्या आसपासची चिंबोरी भरलेली असते असं कोळणी सांगतात. सोलकढी शेवटी.

दुपारी घोडबंदरचा किल्ला करू नका. किल्ला चांगला आहे, पण त्या रस्त्यावरच्या वाहतुकीत उरलेला दिवस जाईल. त्यापेक्षा चेंदणी कोळीवाड्यातून एक फेरी मारा. लोकांची घरं आहेत, तेव्हा फोटो विचारून काढा. नोव्हेंबर ते मेदरम्यान येत असाल तर ऐरोलीला वनखात्याच्या केंद्रातून बोटीने रोहित पक्षी बघता येतात. बोट भरतीच्या वेळेवर सुटते, म्हणून आदल्या दिवशीच वेळ विचारून ठेवा.

आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा येत असाल तर ताज्या सुरमईचा हट्ट धरू नका, सोड्यांची (सुकवलेल्या कोळंबीची) खिचडी किंवा सुक्या बोंबलाचं कालवण मागा.