मुंबईत मोकळ्या जागा एकमेकींना जोडायचा आग्रह कशाला? सुट्या बागा पुरत नाहीत का?

फिरायला, मुलांना खेळायला पुरतात. बिबट्याला नाही.

२००९ मध्ये माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या, गळ्यात माग काढणारी कॉलर घेऊन, सुमारे १२० किलोमीटर चालत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत आला. रेल्वे, हायवे, वसईची खाडी, सगळं ओलांडून. पुढे २०११ मध्ये गाडीच्या धडकेनेच गेला. उद्यान जेमतेम १०४ चौरस किलोमीटर. उत्तरेला खाडीपलीकडे तुंगारेश्वर अभयारण्य, दक्षिणेला आरेचं जंगल. उद्यानाचा ‘नागला ब्लॉक’ हा भाग तर घोडबंदर रस्त्याने तुटलेलाच आहे. हे दुवे तुटले की जंगलाचं बेट होतं, मग जनावरं आपापसांतच प्रजनन करतात किंवा रस्त्यावर मरतात.

माझ्या मते नवी उद्यानं उभारण्याआधी नद्या धराव्यात. दहिसर, पोईसर दोन्ही याच उद्यानाच्या डोंगरात उगम पावतात आणि खाडीच्या कांदळवनापर्यंत जातात. जोडणी आयतीच आहे! आपण मात्र दोन्ही काठांना काँक्रीटच्या भिंती घालतो आणि वर ‘सुशोभीकरण’ म्हणतो. काठावर दहा-वीस मीटर माती नि देशी झाडं ठेवली तरी पक्षी, फुलपाखरं, मुंगूस ये-जा करतील. बिबट्यासाठी रस्त्याखालून रुंद भुयारी वाट आणि दोन्ही तोंडांना झाडोराच हवा.

मुंबई महापालिकेच्या विकास आराखडा २०३४ मध्ये आपल्या वॉर्डाचा नकाशा काढून नाल्याकाठी काय आरक्षण आहे ते आधी बघा.