ग्राफीनच्या आधी साधा धातू घे

भावा, परवा चहाच्या टपरीवर आंद्रेयेव्ह परावर्तनाचा विषय निघाला आणि तू थेट ग्राफीनवरच (एका अणूच्या जाडीचा कार्बनचा थर) उडी मारलीस. जरा दमानं! आधी साधा धातू घे. अतिवाहकात (विनारोध वीज वाहणाऱ्या पदार्थात) एक गॅप असते, म्हणजे एकट्या इलेक्ट्रॉनला मज्जाव असलेला ऊर्जेचा पट्टा. धातूतून आलेला, गॅपपेक्षा कमी ऊर्जेचा इलेक्ट्रॉन तिथं एकटा शिरत नाही. जोडीदार घेऊन शिरतो, मागं होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) सोडतो आणि ते आल्या वाटेनंच परततं. भौतिकशास्त्रज्ञ आंद्रेयेव्हनं हे १९६४ मध्ये सांगितलं. ग्राफीनमध्ये फर्मी पातळी (इलेक्ट्रॉन जिथवर भरलेत ती ऊर्जा) डिरॅक बिंदूजवळ, म्हणजे वरचा आणि खालचा ऊर्जापट्टा जिथं टेकतात तिथं आणली, की होल खालच्या पट्ट्यातलं, म्हणजे व्हॅलन्स बँडमधलं निघतं आणि कॅरमच्या स्ट्रायकरसारखं आपटून पुढं जातं. भौतिकशास्त्रज्ञ बीनाकरचा २००६ चा पेपर हाच. पण गॅप मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टची, म्हणजे फारच छोटी, आणि फर्मी पातळी डिरॅक बिंदूच्या तेवढी जवळ ठेवावी लागते. नमुन्यात भार जरा विस्कटलेला असला की सगळं पुसलं जातं. (माझे सहा महिने तिथंच गेले.) धातू-अतिवाहक सीमेवरच्या या परावर्तनाचं ब्लॉन्डर-टिंकहॅम-क्लापविकचं १९८२ चं गणित आधी हातानं सोडव, मग रविवारी रंकाळ्यावर वही घेऊन ये.